गडद आधी, फिकट नंतर

थंडीतल्या सकाळी, हवेत अजून धुक्याचा ओलावा असताना, फळ्यावर खडूच्या दोन तिरक्या रेघा झपाट्याने ओढल्या की एक कोरडा, नेमका आवाज होतो, नवं कापड फाडताना होतो तसा. वानखेडे मास्तर मला आठवतात ते आधी त्या आवाजातून, आणि मग हळूहळू त्यांचा चेहरा, किंचित पुढे झुकलेली उंच आकृती आणि नखांच्या मुळाशी कायमची मुरलेली निळाई डोळ्यांपुढे येते. एक रेघ, दुसरी रेघ, फुली तयार. फुलीच्या वरच्या दोन टोकांना दोन संख्या, मध्यावर तिसरी, आणि खालच्या टोकांना तिरक्या वजाबाकीने आपोआप उतरलेले दोन आकडे. ते आकडे म्हणजे उत्तर. मग खडू खाली ठेवून ते बोटं रुमालाला पुसत आणि आम्हा सहाजणांकडे अशा शांतपणे बघत की ती फुली त्यांनी काढलीच नव्हती, मुळात फळ्यावर होतीच, आपण फक्त धूळ झटकली.

इंदूरच्या एका कापडगिरणीत ते रंगमास्तर होते. धाग्याला आणि कापडाला कोणता रंग किती चढवायचा, गडद रंगात फिकट किती मिसळला म्हणजे मागणीबरहुकूम छटा उतरेल, हे ठरवणं हे त्यांचं आयुष्यभराचं काम. गिरणी बंद पडली तेव्हा रंगाच्या टाक्या कोरड्या पडल्या, आणि मास्तर मल्हारगंजातल्या एका रंगविक्याच्या दुकानात दुपारी बसू लागले, ओढण्या रंगवून नेणाऱ्या बायकांना रंगाच्या पुड्या जुळवून देऊ लागले. सकाळ मात्र त्यांनी आमच्यासाठी राखून ठेवली होती. गिरणीमागच्या वस्तीतल्या बुद्धविहारात, पूर्वेच्या खिडकीखाली एक फळा टेकवून, ते गिरणी-कामगारांच्या मुलामुलींना बँकेच्या आणि रेल्वेच्या परीक्षांचं गणित शिकवत. पैसे घेत नसत. खडू तेवढा आम्ही आणायचा.

खरं तर सगळं गणित ते शिकवतच नसत. नळ आणि टाक्या, आगगाड्या आणि बोगदे, व्याज, सरासरी हे सारं ते आमच्यापैकीच कोणाला तरी उभं करून उरकून घेत. त्यांचं म्हणून एकच प्रकरण होतं, मिश्रणाचं. दोन भांड्यांतलं दूध-पाणी, दोन प्रतींचा चहा, दोन मिश्रधातू. इतर क्लासांत या एका उदाहरणाला 'क्ष' मानून अर्धं पान लागे. मास्तरांच्या फुलीत ते दहा सेकंदांत सुटे. दहा हा आकडा त्यांनी उगाच काढला नव्हता. "कापड मशीनवर चढलं की ते तुमच्यासाठी थांबत नाही," ते सांगत, "विचार करत बसलात की कापडावर रंगाचा पट्टा पडतो. सोचना है तो घरी सोचा." चालण्यात, बोलण्यात, चहा निववून पिण्यात मास्तर इतके संथ की बघणाऱ्याला जांभई यावी, पण फुलीपाशी आले की त्या माणसाच्या अंगात वीज संचारे.

त्यांचे आजोबा महूच्या छावणीत फौजेत होते. त्यांच्याकडून मास्तरांना ताठ कणा आणि पहाटे उठायची सवय मिळाली होती, असं ते म्हणत. कणा पुढे वर्षानुवर्षं टाक्यांवर वाकून थोडा झुकला, सवय तेवढी शाबूत राहिली. सहा वाजता विहाराचं दार उघडलेलं असे. मी पहिल्यांदा तिथे जायला निघाले तेव्हा आईने थोडी का कू केली होती. "जा, पण पाणी घरी येऊन पी," ती म्हणाली. बाबा त्याच गिरणीत मागांच्या खात्यात जॉबर, म्हणजे मुकादम होते, ते पेपरातून डोकं न काढता म्हणाले, "अगं, त्या माणसाने रंगवलेली लुगडी नेसलीस जन्मभर." मार्गशीर्ष लागेपर्यंत मी तिथल्या माठातलं पाणी पिऊ लागले होते, आणि आईने ते विचारणंही सोडून दिलं होतं.

त्या खिडकीतून हिवाळ्याचा प्रकाश आत येताना आधी फळ्याचा वरचा कोपरा उजळे, मग फुली, मग मास्तरांचा हात. त्या हाताला रंगाची एक स्वतंत्र स्मृती होती. माझ्या स्वेटरकडे बघून ते म्हणत, "हा तपकिरी नाही, यात लाल जास्त पडलाय, रंगवणारा घाईत होता." रंगपंचमीला आख्खं इंदूर गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, बघायला राजवाड्याकडे लोटे, पिचकाऱ्यांच्या फवाऱ्यांनी आभाळ गुलाबी होई, आणि आमचे मास्तर एका बंद दुकानाच्या पायरीवर पांढऱ्या सदऱ्यात उभे राहून प्रत्येक रंगाला नावं ठेवत. कोणाचा हिरवा मळकट, कोणाचा पिवळा कच्चा. ओलेचिंब होऊन घरी जाताना एवढ्या लाखभर माणसांत फक्त त्यांचीच तक्रार असे की रंग नीट कालवले नव्हते. ज्याचं त्याला, दुसरं काय.

मी तेव्हा पंचविशी ओलांडलेली, घरातली थोरली. बाजार नव्याने खुला झाला होता. शहरात तयार कपड्यांची झगझगीत दुकानं उघडत होती, खांबाखांबांवर कॉम्प्युटर शिकवणाऱ्यांच्या पाट्या लागत होत्या, आणि ज्या गिरणीच्या भोंग्यावर आमच्या आळीचं जेवण शिजायचं ती गिरणी कुलूप घालून बसली होती. बाबा दिवसभर घरात. बँकेच्या परीक्षेला वयाची अट असते. दोनदा बसून मी नापास झाले होते, आणि येत्या उन्हाळ्यात ती अट मला कायमची बाहेर काढणार होती. हाती एकच परीक्षा उरली होती. ती हुकली असती तर शिवणकामाचं मशीन, किंवा ज्याचं पत्र आईने डब्याखाली जपून ठेवलं होतं ते देवासचं स्थळ. स्थळ वाईट नव्हतं. पण मला नोकरी हवी होती, अगदी जीव तोडून हवी होती, आणि हे मी तेव्हा कोणाला बोलून दाखवलं नाही.

दुसऱ्या खेपेची परीक्षा देऊन आले तेव्हाची एक गोष्ट सांगायला हवी. प्रश्नपत्रिका परत घेत, म्हणून आम्ही बाहेर पडताच आठवतील ते प्रश्न वहीत उतरवून काढत असू. त्यात एक मिश्रणाचा होता. पहिल्या भांड्यात दूध चाळीस टक्के, दुसऱ्यात सत्तर. पहिलं आणि दुसरं कोणत्या प्रमाणात मिसळलं म्हणजे पन्नास टक्के होईल? मी मास्तरांना तो सांगितला. फुली पडली, सेकंदात उत्तर आलं: एकास दोन. "मीही तेच केलं, मास्टरजी!" मी जवळजवळ ओरडलेच. त्यांनी मान डोलावली, आणि विहारातल्या माठावरचा पेला भरून स्वतः माझ्या हातात दिला. निकाल लागला तेव्हा मी थोडक्यात हुकले होते. थोडक्यात म्हणजे किती, ते बँक कळवत नसे.

मास्तरांचा एक नियम होता, त्यात कधी बदल नसे. फुलीच्या डाव्या टोकाला गडद, उजव्या टोकाला फिकट. रंगखात्यात कृती नेहमी तशीच सांगत, गडद एवढा, फिकट एवढा. हाताखालच्या माणसाला झोपेत विचारलं तरी त्याने त्याच क्रमाने सांगावं. दुधाच्या उदाहरणात जास्त दुधाचं भांडं गडद, कमी दुधाचं फिकट. महागडा चहा गडद, स्वस्तातला फिकट. आम्हीही तसंच लिहायला शिकलो, इतकं की आमचे डोळे प्रश्न वाचायच्या आधी त्यातला गडद शोधत.

त्या पौषात मल्हारगंजातून कोणीतरी सरावाचं नवं पुस्तक आणलं. त्यात मिश्रणाची वीस उदाहरणं होती. आम्ही सहाजणांनी ती सोडवली आणि मागच्या पानावरच्या उत्तरांशी ताडून पाहिली, तर सात उदाहरणं चुकलेली. सहाजणांची तीच सात. मास्तरांनी पुस्तक हातात घेतलं, सातही फुल्या पुन्हा काढल्या, आणि पुस्तक मिटून म्हणाले, "छापणाऱ्याची गलती आहे. आजकाल कोणीही किताब काढतो." अशा पुस्तकांत चुका असतही. बाकीच्यांनी मान डोलावली. मी मात्र घरी आले ती मनात भुंगा घेऊन. एकाच पुस्तकात सात चुका असू शकतात. पण सातही ठिकाणी आपलं उत्तर नेमकं उलटं कसं?

दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. मी ती सात उदाहरणं फुली न काढता, 'क्ष' मानून, अर्ध्या अर्ध्या पानावर संथपणे सोडवली. घोडं कुठे पेंड खातंय ते चौथ्या उदाहरणाला लख्ख दिसलं. आमचे आकडे बरोबर होते, क्रम उलटा होता. फुली सांगत होती गडद एक, फिकट दोन, आणि ते खरंच होतं. पण प्रश्नात पहिलं म्हणून फिकट भांडं दिलेलं होतं, आणि आम्ही घाईघाईत 'एकास दोन'वर खूण करून पुढे जात होतो. जिथे गडद आधी दिलेलं असे तिथे आम्ही बरोबर, जिथे नंतर दिलेलं असे तिथे चूक. आणि पर्यायांत दोन्ही उत्तरं हमखास असत, परीक्षक काय झोपलेला नसतो. मागच्या परीक्षेतलं माझं उत्तरही चूकच होतं. त्या रात्रभर मला राग आला होता तो नेमका कोणाचा, हे आज सांगता येत नाही.

मास्तरांना सांगायचं कसं? त्यांच्या हातचा एकही लॉट व्यापाऱ्याकडून परत आला नव्हता, हे सारी वस्ती जाणून होती. आणि आकड्यांनी ते ऐकतील असं मला वाटेना. म्हणून मी कपड्यांची नीळ घेतली. दाट नीळपाण्याचे चार चमचे आणि साध्या पाण्याचे सहा, ही पहिली बाटली. सात आणि तीन, ही दुसरी. पाच आणि पाच, हा नमुना, जो जुळवायचा. मग चौथ्या बाटलीत, आम्ही ज्यावर खूण करत होतो त्याप्रमाणे, पहिलीतला एक भाग आणि दुसरीतले दोन.

सकाळी बाकीचे यायच्या आधी मी त्या बाटल्या खिडकीत मांडल्या. मास्तरांनी काही न विचारता नमुन्याची बाटली उचलली, चौथी उचलली, दोन्ही उजेडात धरल्या. क्षणाचाही वेळ लागला नाही.

"ही गडद गेली," ते म्हणाले. "कोणी कालवली?"

"आपण, मास्टरजी. मागच्या परीक्षेत मी. एकास दोन."

"एक गडद, दोन फिकट सांगितलं होतं मी."

"हो. पण सवालात पहिलं फिकट आहे. त्यांनी पहिलं-दुसरं विचारलंय, गडद-फिकट नाही विचारलं."

त्यांनी चौथी बाटली पुन्हा उजेडात धरली. बाहेर पोह्यांच्या गाड्यावर कोणीतरी कढई घासत होतं. रंगखात्यात फिकट उतरलेला माल पुन्हा टाकीत घालून सुधारता येतो, गडद गेलेला मात्र सुधारत नाही, हे त्यांनीच आम्हाला कधीतरी गप्पांत सांगितलं होतं. मला वाटलं, ते पुन्हा छापणाऱ्यावर घालतील, किंवा चिडतील. त्यांनी विचारलं, "सगळ्यांना असंच शिकवलं ना मी? आधीच्या बॅचला पण?" मी हो म्हटलं.

त्या दिवशी त्यांनी शिकवलं नेहमीसारखंच, फक्त फुली काढायच्या आधी प्रत्येकाकडून प्रश्न दोनदा मोठ्याने वाचून घेतला, आणि डाव्या टोकाला पहिलं, उजव्या टोकाला दुसरं लिहिलं. लिहिताना त्यांचा हात अडखळत होता. पन्नाशीपलीकडच्या माणसाला उजव्या हाताची सवय डाव्या हाताला लावायला सांगावं तसं ते दृश्य होतं, आणि मला ते बघवत नव्हतं. दुसऱ्या दिवशी विहाराचं दार बंद होतं. त्यांच्याकडे शिकायला लागल्यापासून पहिल्यांदाच.

ते कुठे गेले होते ते मला संध्याकाळी कळलं, कारण शेवटी ते आमच्याच आळीत आले. समोरच्या घरात महेश राहत असे. माझ्या आधीच्या बॅचमधला, हुशार, माझ्याहून नक्कीच हुशार; दोन वेळा थोडक्यात हुकून वयाच्या अटीबाहेर पडलेला, आता सांवेर रोडवरच्या एका कारखान्यात खोकी बांधणारा. तो नुकताच कामावरून आला होता. मास्तर सायकल धरूनच उभे होते, स्टँडवर लावली नव्हती. दिवसभर ते अशीच दारं फिरत होते. मी आमच्या ओट्यावर तांदूळ निवडत होते, त्यामुळे ऐकलं नाही असं म्हणण्याची सोय नव्हती.

"महेश, मी तुला गलत शिकवलं होतं," ते म्हणाले, आणि क्रमाची सगळी गोष्ट त्यांनी त्याला संथपणे, एकही शब्द न गाळता समजावून सांगितली. "तुझी चूक नव्हती. तू मी सांगितलं तेच केलं."

महेश हसला. "अरे छोडो ना मास्टरजी. एका सवालाने काय बिगडतं? बाकीचे पण चुकले असतील माझे."

"असतील. पण तो एक माझा होता."

महेशने मास्तरांना आत बोलावलं, चहा घ्या म्हणाला. मास्तर म्हणाले, अजून एक घर राहिलंय, आणि सायकल वळवून निघाले. पुढे कधी महेशने या विषयावर माझ्याशी एक अक्षर काढलं नाही, मीही काढलं नाही. मला ते माझंच पाप वाटत असे, आणि अजूनही थोडं वाटतं, कारण ती गोष्ट शोधून मी त्याच्या जुन्या जखमेवरची खपली काढली होती.

परीक्षा फाल्गुनात झाली. शाळेच्या त्या बाकावर बसून गणिताचं पान उघडलं. मी एकेक प्रश्न दोनदा वाचत गेले. गाड्या होत्या, बोगदे होते, नळ होते, बाप-लेकाची वयं होती. पान उलटलं, पुन्हा मागे आले, पुन्हा पुढे गेले. मिश्रणाचा एकही प्रश्न नव्हता. दूध नाही, चहा नाही, तांबं-जस्त नाही. त्या सबंध हिवाळ्यात ज्या एका गोष्टीसाठी एका माणसाने स्वतःचा हात मोडून नव्याने बसवला, ती गोष्ट त्या पत्रिकेत आलीच नव्हती.

त्या खेपेला आमच्यापैकी मी एकटीच बसले होते, आणि निकाल लागेपर्यंत पेपरबद्दल मी काही सांगितलं नाही, मास्तरांनीही विचारलं नाही. मी पास झाले. मुलाखतही पार पडली. पत्र आलं त्या दिवशी आईने देवासचं स्थळ डब्याखालून काढून चुलीत घातलं, आणि बाबा किती दिवसांनी दाढी करून बाहेर पडले. मी विहाराकडे निघाले. मास्तर पायरीवर बसून फळा ओल्या फडक्याने पुसत होते. ज्येष्ठाचं ऊन चढत होतं आणि त्यांच्या सदऱ्याची पाठ घामाने भिजली होती. मी पाया पडले, पत्र दाखवलं. त्यांनी ते सावकाश वाचलं, दोनदा वाचलं, घडी घालून परत दिलं, आणि मग त्यांनी फक्त एवढंच विचारलं, "आपला सवाल आला होता?"

ते मान वर करून माझ्याकडे बघत होते. त्या बघण्यात काय होतं ते मला आजही नीट मांडता येत नाही. एवढं कळत होतं की दिवसभर सायकलवर दारोदार फिरलेला तो माणूस त्या एका उत्तराची वाट बघत होता.

"आला होता, मास्टरजी," मी म्हणाले. "तांबं आणि जस्ताचा. पहिलं फिकट होतं. सवालात होतं तसंच लिहिलं."

"किती सेकंद लागले?"

"वीस तरी लागले असतील."

"चालेल," ते म्हणाले. "वीस चालतील." आणि ते हसले, तोंडभर, मी त्यांना तसं कधी हसताना पाहिलं नव्हतं.

माझी पहिली नेमणूक दूरच्या एका गावी झाली, मग दुसऱ्या, मग तिसऱ्या. इंदूरला येणं दिवाळीपुरतं उरलं. मास्तर गेल्याचं मला बाबांच्या पत्रातून कळलं, तेव्हा ते जाऊन पंधरवडा उलटून गेला होता. मी दुपारभर काउंटरवर बसून लोकांचे अर्ज तपासत होते आणि मध्येच माझ्या लक्षात येत होतं की मला ते खरं सांगायचं राहून गेलं. दर दिवाळीला ठरवत असे, आणि दर दिवाळीला त्यांच्या दारात जाऊन फराळ करून परतत असे. त्यांनी आपल्या चुकीसाठी एकेका दाराशी सायकल थांबवली. माझ्या खोट्याला एकच दार होतं, आणि मी त्या दाराशी जाऊनही दरवेळी गप्प बसले. आता तिथे दुसरं कुटुंब राहतं. गेलेल्या माणसाला आपण काही सांगू शकत नाही, तो मात्र आपल्याला तोच प्रश्न विचारत राहतो. आणि इतकी वर्षं लोटल्यावरही, त्याने पुन्हा मान वर करून विचारलंच, तर मी हो असंच म्हणेन.